खोटं पकडणारे सर

सरांना कुणी “कसे आहात?” असं विचारलं, की ते चालता चालता थांबत आणि चष्म्याच्या वरून बघत म्हणत, “कोणत्या बाबतीत?” विचारणाऱ्यानं तोंडदेखलं विचारलेलं असे. तो “नाही, सहजच” म्हणून सटके. मग सर माझ्याकडे वळून म्हणत, “बघितलंत बाई? सहज म्हणे. सहज कुणी काही विचारत नसतं.”

आम्ही दोघं रोह्याच्या एकाच शाळेत शिकवायचो. ते मराठी, मी भूगोल. राहायला दोघंही पेणला, त्यामुळे सकाळची एस.टी. एकच. पुढे त्यांची मुलगी सुलभा हिला रोह्याच्या वाचनालयात नोकरी लागली, तेव्हापासून आम्ही तिघं बरोबर जायला लागलो. सर बोलत, मी ऐके, आणि सुलभा खिडकीबाहेर बघत बसे.

सरांचं बोलणं म्हणजे बहुतेक गाडीतल्या माणसांविषयी. माणूस काय म्हणतो ते ऐकू नये, त्याच्या हातांकडे बघावं, हा त्यांचा सिद्धांत. एकदा वडखळला एक बाई चढली. शेजारणीला मोठ्यानं सांगत होती, माहेरी चालल्येय म्हणून. सर माझ्या कानाशी म्हणाले, “माहेरी जाणाऱ्या बाईच्या पिशवीत खाऊ असतो. हिच्या पिशवीत रिकामी औषधाची बाटली आहे. नागोठण्याला डॉक्टरकडे चालल्येय, आणि ते शेजारणीला कळू द्यायचं नाहीये.” नागोठण्याला बाई उतरली आणि खरंच दवाखान्याच्या गल्लीत वळली. सरांनी फक्त एक भुवई वर केली. हा त्यांचा विजयोत्सव.

शाळेत मुलं त्यांना टरकून असत, पण चिडत नसत. कुणी “काल पोटात दुखत होतं” म्हणालं, की सर विचारत, “कुठल्या बाजूला? जेवणाआधी की नंतर? मग आईनं काय दिलं?” तिसऱ्या प्रश्नाला पोरगं गळपटे. पण सर मारत नसत. म्हणत, “कथानक बरं आहे. पण याला दोन ठिकाणी भोकं आहेत. बुजवून उद्या परत आण.” आणि पोरगं खरोखर दुसऱ्या दिवशी सुधारलेलं खोटं घेऊन येई. सर ते मन लावून ऐकत आणि पाठ थोपटत.

दहावीच्या मराठीच्या पुस्तकात तेव्हा एक कथा होती. वर्षभर सर त्या कथेची वाट बघत असावेत असं मला वाटे. खाडीकाठच्या एका घरात एक बाई एकटी राहते. नवरा परदेशी बोटीवर गेलाय आणि येणार आहे, अशी तिची समजूत. एक अनोळखी माणूस येतो, जमीन मोजणारा आहे म्हणून सांगतो आणि ओसरीवर मुक्काम टाकतो. शेवटच्या पानावर कळतं, की तो मोजणीदार नाही. तो तिच्या नवऱ्याबरोबर तुरुंगात होता. नवरा तिथंच मेला, आणि मरण्याआधी त्यानं याला घराची खडान्‌खडा माहिती सांगितली, पुरलेल्या दागिन्यांसकट. हा दागिने न्यायला आलेला. पण तो ते न घेताच जातो. जाताना तिला सांगतो, कामाच्या निमित्तानं मी मुंबईला गोदीवर होतो, तुमचे यजमान दिसले, तब्येत चांगली आहे.

वर्ष सुरू झालं की सर पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला त्या कथेची शेवटची दोन पानं टाचणीनं बंद करायला लावत. टाचण्या स्वतः आणत. मुलांनी पानं आधीच वाचलेली असत, ते सरांनाही ठाऊक असे. तरी टाचणी हवी. मग धडा आला, की वर्गाचं कोर्ट होई. “याचं खोटं पहिल्यांदा कुठल्या ओळीत उघडं पडतं?” हात वर होत. कुणी म्हणे, मोजणीदाराकडे जमीन मोजायची साखळी नाही. कुणी म्हणे, दारूची सवय नाही म्हणतो पण वास ओळखतो. सर मान हलवत राहत. शेवटी कुणाच्या तरी ध्यानात येई: त्या घराचं दार जरा उचलल्याशिवाय उघडत नाही असं लेखकानं आधी सांगितलेलं असतं, आणि हा परका माणूस पहिल्याच वेळी ते उचलून उघडतो. मग सर खडू खाली ठेवत आणि म्हणत, “लेखकानं काहीच लपवलं नव्हतं. आपण बघितलं नाही.”

शेजारच्या वर्गात माझा तास असला, की मीही नकाशा फळ्यावर टांगून पोरांना कामाला लावी आणि ऐकत उभी राही. इतकं सुंदर शिकवताना मी दुसऱ्या कुणाला ऐकलं नाही.

एका वर्षी एक मुलगी उभी राहिली. कोळीवाड्यातली, एरवी गप्प असणारी. तिनं विचारलं, त्यानं त्या बाईला नवरा मेल्याचं खरं सांगितलं असतं तर तिचं काय झालं असतं? सर म्हणाले, “तो प्रश्न परीक्षेला येत नाही. आपला प्रश्न, मुख्य पात्र फसवं आहे हे सोदाहरण स्पष्ट करा.” मुलगी बसली. सरांच्या लेखी तो माणूस शेवटच्या ओळीपर्यंत लबाडच होता. दागिने न घेता गेला तरी लबाड. जाता जाता आणखी एक खोटं सांगून गेला, असं ते म्हणत.

पेणला सर एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर राहत. खाली रांगेनं न रंगवलेल्या मूर्ती, वर दोन खोल्यांत बापलेक. सुलभा लहान असतानाच बायको गेलेली. सुलभाच्या वेण्या सरांनी स्वतः घातलेल्या. दोन घट्ट वेण्या, त्यांना निळ्या फिती. कारखानदाराची बायको सांगे, की वेणी घालता घालता मास्तरांची उलटतपासणी चाले. आज शाळेत काय झालं, मग ती काय म्हणाली, मग तू काय म्हणालीस, मघाशी तर तू वेगळं सांगितलंस. पोरगी फार लवकर शिकली, की कमी बोललं म्हणजे कमी प्रश्न येतात. सरांचा जीव होता तिच्यावर. बाजारात वांगी घेताना “कुठली? कधी तोडली? काल तर तुझा मळा वाशीला होता” असं माळणीला रडकुंडीला आणणारा माणूस, सुलभाला खोकला झाला की रात्रभर खुर्चीत बसून राही.

त्याच सुमारास रोह्याजवळ धाटावला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. वसंत नावाचा एक मुलगा तिथल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होता. खांब गावचा. पहिली शिफ्ट सुटली की वाचनालयात येई, पुस्तक बदलून घेई आणि उगाच रेंगाळे. सुलभाला तो आवडला होता. हे मला तिनं सांगितलं नाही, पण ती हल्ली बसमध्ये खिडकीबाहेर न बघता मांडीवरच्या पुस्तकाकडे बघून हसत असे, एवढं मलाही दिसत होतं. सरांना तर माझ्याआधी दिसलं असणार. एके दिवशी त्यांनी आपणहून मला सांगितलं, की मुलाला आईसह बोलावलंय, घरात वडीलधारं बाईमाणूस नाही, तर तुम्ही या. “मी जात बघत नाही, पैसा बघत नाही,” म्हणाले. “माणूस बघतो.”

वसंत आणि त्याची आई आले. आई नऊवारीतली, कपाळ मोकळं, हातांना घट्टे. आल्या आल्या सुलभाला म्हणाली, “बस गो पोरी, मी पानी घेते.” सुलभा आत चहाला गेली. सरांनी शिक्षण विचारलं, काम विचारलं, शिफ्टच्या वेळा विचारल्या. वसंतानं नीट, सरळ उत्तरं दिली. मला वाटलं, झालं, सर खूश आहेत.

मग त्यांनी विचारलं, “वडील?”

वसंतानं आईकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तो म्हणाला, “वडील नाहीत. मी लहान असताना वारले.”

“कशानं?”

त्यानं पुन्हा आईकडे बघितलं. “तापानं.”

सरांनी पोह्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली. पोहे झाले, चहा झाला, हसतखेळत मंडळी गेली. जिना उतरल्याचा आवाज बंद झाला, तसे सर मला म्हणाले, “दोनदा बघितलं त्यानं आईकडे. दोन्ही वेळा उत्तर द्यायच्या आधी.” मी म्हटलं, बापाच्या आठवणीनं आईला वाईट वाटेल म्हणून बघितलं असेल. सरांनी भुवई वर केली.

रविवारी ते एकटेच एस.टी.नं खांबला गेले. काय झालं ते सोमवारी बसमध्ये त्यांनीच मला सांगितलं. सुलभा त्या दिवशी पुढच्या बाकावर बसली होती. खांबच्या स्टँडपासून जरा आत एक माणूस वालाच्या शेतात काम करत होता. सरांनी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, वसंताचे वडील कधी गेले? तो माणूस कंबर सरळ करून म्हणाला, “गेला? हाय की जिता. तिकडं माणगावकडं असतो.” सरांनी त्याचे आभार मानले आणि आल्या पावली परत फिरले.

मी विचारलं, मग वसंतानं असं का सांगितलं, ते नाही विचारलंत त्याला?

“कारण कशाला हवं?” सर म्हणाले. “जो जित्या बापाला मेला म्हणतो, त्याचं दुसरं कुठलं वाक्य मी खरं धरू?”

त्यांचा चेहरा मला आठवतो. वर्गात दाराची ती ओळ सापडली की होई, तसाच झाला होता. आनंद म्हणता येणार नाही, पण समाधान नक्की होतं.

संध्याकाळी रोह्याच्या स्टँडवर वसंत भेटला. सरांनी त्याला बाजूला घेतलं. मी दोन हात अंतरावर होते. सुलभा अजून वाचनालयातून यायची होती.

“तुमचे वडील माणगावकडे असतात,” सर म्हणाले.

“व्हय,” वसंत म्हणाला. एरवी सरांशी तो शुद्ध बोलायचा.

“काही सांगायचंय तुम्हाला?”

“नाय, सर.”

सर थांबले. सारवासारव होईल, काहीतरी गोष्ट रचली जाईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. वसंतानं नमस्कार केला आणि तो खांबच्या गाडीकडे निघून गेला. त्यानं बचाव केला नाही, हाच सरांना सगळ्यांत मोठा पुरावा वाटला.

घरी त्यांनी सुलभाला निकाल सांगितला. ती फक्त “बरं” म्हणाली. पुढं काही दिवसांनी मीच तिला म्हटलं, तू बोल ना बाबांशी. ती म्हणाली, “बाबांचं ठरलंय, बाई.” वसंत वाचनालयात यायचा बंद झाला. सुलभासाठी नंतर दोन-तीन स्थळं आली. सरांना त्यांत काही खोट सापडली नाही, पण सुलभानंच नको म्हटलं. सरांनी फार ताणलं नाही. बसमध्ये ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

दोन-अडीच वर्षं गेली. एके दुपारी शिपाई येऊन म्हणाला, सर, बाहेर एक म्हातारी तुम्हाला भेटायचं म्हणते. वसंताची आई होती. शिक्षकांच्या खोलीत सर आणि मी दोघंच होतो. मी उठले, तर ती म्हणाली, “तुमी ऱ्हावा बाई. तुमी बी होतात तवा.”

तिनं बसायला नकार दिला. उभ्यानंच सांगितलं.

“मास्तर, वसंताचा बापूस गेला. आता खराच गेला. तो दुसरी बाई करून गेला, तवा वसंता येवढासा होता. मी कुंकू पुसलं आन्‌ पोराला सांगितलं, तुजा बापूस तापानं मेला. गावात सगळ्यांना ठावं हाय, पन माझ्यासमोर कोन काढत नाय. पोरगा मोठा झाला, त्याला बी कळलं. तो बी कधी बोलला नाय. त्या दिवशी मी बाजूला बसली होती, मास्तर. माझ्या तोंडावर तो काय सांगनार?”

सर उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, मग तेव्हाच का नाही कुणी मला सांगितलं?

तिला ठाऊकच नव्हतं. वसंतानं घरी जाऊन सांगितलं होतं, की मुलीकडून नकार आला, तिला खेडेगावात यायचं नाही. बाप मेल्यावर त्याच्या तेराव्याला गाव जमलं, तेव्हा वालाच्या शेतातल्या त्या माणसानं सहज विषय काढला, की मागं कुणी चष्मेवाले, मास्तरांसारखे दिसणारे गृहस्थ वसंताच्या बापाची चौकशी करून गेले होते. तेव्हा तिला सगळं जुळलं.

“वसंताचं लगीन झालं गेल्या साली,” ती म्हणाली. “सून चांगली हाय. मी काय मागायला नाय आली. माझा पोरगा खोटा नाय, येवढं सांगायला आली.”

सर तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले, तिथून स्टँडपर्यंत गेले. खांबची गाडी येईपर्यंत उन्हात उभे राहिले. पुढच्या तासाची घंटा झाली तरी आले नाहीत. त्यांचा वर्ग मी माझ्या वर्गात घेऊन बसले.

संध्याकाळी परतताना वडखळला बस बराच वेळ थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. गाडी अर्धी रिकामी झाली. तेवढ्या वेळात सरांनी सुलभाला सगळं सांगितलं, अगदी हळू, एकही शब्द न गाळता. मी मागच्या बाकावर होते.

सुलभा म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“हे सगळं. त्यांनीच सांगितलं होतं वाचनालयात, आपल्याकडे यायच्या आधी.”

सर तिच्याकडे बघत राहिले. “मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मला कुठं विचारलंत, बाबा?” तिचा आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही खांबला जाऊन विचारलंत.”

कंडक्टर आला, गाडी निघाली.

मला सुलभानं नंतर एकदा सांगितलं, की दोष तिचाही होता. न विचारता बोलायला हवं होतं, ओरडून बोलायला हवं होतं. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं की जपून बोलायचं, ही सवय वेणीफणीच्या वयापासूनची. आणि तिला शेवटपर्यंत वाटत होतं, की बाबा विचारतील. सगळ्या जगाला विचारतात, मग आपल्यालाही विचारतीलच.

पुढच्या वर्षी सरांनी टाचण्या आणल्या नाहीत. कथेच्या तासाला त्यांनी आधी शेवटचं पान वाचून दाखवलं आणि म्हणाले, “हा माणूस खोटं बोलतो, हे तुम्हाला कळलं. ते शोधायचं नाही. कुणाला जपण्यासाठी बोलतो, ते शोधा.” खरं सांगायचं तर तो तास रंगला नाही. पोरांना कोर्ट हवं होतं. सरांनाही हे नवं शिकवणं नीट जमत नव्हतं. वाक्य अर्ध्यावर सोडून ते फळ्याकडे तोंड करून उभे राहत. पोटदुखीवाल्या पोरांना ते आता “बरं, बस” एवढंच म्हणत. पोरं काही दिवस गोंधळली आणि मग सरसकट खोटं बोलायला लागली.

सुलभानं महाडच्या वाचनालयात नोकरी घेतली आणि तिथंच खोली करून राहिली. तिनं लग्न केलं नाही. सर निवृत्त झाले, माडीवर एकटे राहू लागले आणि महिन्यातून एकदा तिच्याकडे जायचे. माझं माहेर महाडचं, त्यामुळे एकदा आम्ही बरोबर गेलो. सुलभानं छान स्वयंपाक केला होता. सर जेवले, वर्तमानपत्र वाचलं, तिच्या खिडकीची सैल झालेली कडी बसवून दिली. सबंध दुपारभर त्यांनी तिला एक प्रश्न विचारला नाही. ती मध्येच “येते जरा” म्हणून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं आली. मी म्हटलं, कुठं गेली हो ही? सर म्हणाले, “येईल.”

भांडी घासताना सुलभा मला म्हणाली, “बाबा हल्ली काहीच विचारत नाहीत. मागं मी आजारी होते. ते आले तेव्हा हाताला सलाईनची पट्टी तशीच होती. त्यांनी बघितली. त्यांना दिसणार नाही असं होईल का? पण पाणी प्यायले आणि गप्प बसले.”

मी म्हटलं, मग तूच सांगायचंस. ती म्हणाली, “हो, सांगायला हवं,” आणि पातेलं विसळत राहिली.

परतीच्या गाडीला ती आम्हाला सोडायला स्टँडवर आली. सर खिडकीशी बसले, मी शेजारी. ती खाली उभी राहून खिडकीचा गज धरून होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं. तेव्हा तिनं एकदम मान वर करून विचारलं, “बाबा, तुम्हाला मला काही विचारायचंय का?”

सरांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडाकडे, मग गजावरच्या तिच्या हाताकडे. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता विचारतील. मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

“नाही गं,” ते म्हणाले. “तू जप स्वतःला.”

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, गज तिच्या हातातून सुटला, तरी ती हात तसाच वर धरून उभी होती.